पुठ्ठ्याचा चेक

मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाच्या खिडकीत बसून मी नोकरीची सगळी वर्षं काढली. आतून मी लाद्या सोडायच्या आणि बाहेरून ट्रॉलरवाल्यांनी उशीर झाला म्हणून शिव्या घालायच्या, असा आमचा व्यवहार. पण खिडकीसमोरच लिलावाची जागा. त्यामुळे बंदरावर कोण कोणाशी बोलतो आणि कोणी कोणाशी बोलणं टाकलंय, हे मला बसल्या जागी कळायचं. गनी होडेकरची गोष्ट मी अशीच बसल्या जागी बघितली. ती सांगताना माझं डोकं आजही तापतं, हे आधीच सांगून ठेवतो.

गनी लिलाव पुकारायचा. होडी धक्क्याला लागली, मासळीचा ढीग पडला, की गनी ढिगाशेजारी उभा राहणार, लुंगी वर खोचणार आणि भाव बोलायला लागणार. त्याचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जातो असं लोक म्हणायचे. लोक काय, वाटेल ते म्हणतात. पण बर्फ फोडायचं यंत्र चालू असतानाही मला खिडकीत त्याची बोली स्वच्छ ऐकू यायची, एवढं मी शपथेवर सांगेन. नुसता आवाज नव्हता, जिभेला धारही होती. एखादी मासळीवाली भाव पाडून मागायला लागली की म्हणायचा, "हौसाबाय, एवढ्या पैशात मासा नाय येत, माशाचा वास येतो. तो फुकट ने." बाई शिव्या द्यायची आणि हसत हसत भाव वाढवायची.

लिलाव पुकारणाऱ्याचा घसा मोसम संपेपर्यंत बसतोच. मे महिन्यात गनीचं बोलणं म्हणजे नुसती घरघर. मग पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, घशाला आराम. नारळी पौर्णिमेनंतर पहिला लिलाव व्हायचा तेव्हा आवाज पुन्हा खणखणीत. हे दरवर्षीचं. म्हणून अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात त्याचा आवाज बसला तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. नारळी पौर्णिमा आली तरी तो सुटला नाही, तेव्हाही कोणी लक्ष दिलं नाही. बसलेला घसा हा आमच्याकडे लिलाववाल्याचा दागिनाच समजतात. त्याची बायको कुलसुम ज्येष्ठमध, हळद-दूध, दर्ग्यातलं पाणी, सगळं देत राहिली. गनी विड्या ओढत राहिला आणि मधूनमधून यासीनला, म्हणजे त्याच्या जोडीदाराला, लिलावाला उभं करत राहिला. पुढच्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. गळ्याला एक भोक राहिलं. त्यातून तो श्वास घ्यायचा आणि त्यावर कुलसुमनं शिवलेलं पांढरं फडकं बांधायचा. आवाज गेला तो गेलाच.

आमच्या बंदरावर एक रीत आहे. कोणाच्या घरी मोठं आजारपण आलं की त्या घरची टोपली धक्क्याच्या कोपऱ्यात ठेवतात. येणारी प्रत्येक होडी तिच्यात मूठभर मासळी टाकते. कोणी टाकली, किती टाकली, हे बघायचं नाही; बघणारा निर्लज्ज समजला जातो. घरची बाई येते, टोपली रिकामी करून परत ठेवते. आभार मानायचे नाहीत. माणूस सावरला की टोपली उपडी करायची, बस्स. हिंदू असो, मुसलमान असो, रीत एकच. गनीची टोपली अशी भरत होती, आणि कुलसुम कोळंबी सोलायच्या शेडमधून सुटली की ती घेऊन जात होती.

गनी रोज लिलावाला येऊन बसायचा. हातात पाटी, शाळेतल्या मुलांची असते तशी. पण लिलावाच्या जागी वाचायला वेळ कोणाला? त्यानं मान खाली घालून अक्षरं जुळवावीत, डोकं वर करावं, तर समोरचा माणूस निघून गेलेला. मग तो पाटी घेऊन माझ्या खिडकीशी यायचा. मी वाचायचो आणि ज्याला सांगायचं त्याला ओरडून सांगायचो. सुरुवातीला त्यात चेष्टामस्करी असायची. पण मस्करी दुसऱ्याच्या तोंडून, आणि तीही उशिरा पोचली, की तिच्यात काही राहत नाही. हळूहळू त्यानं ती लिहायची सोडली. मग मी वाचायचो ते एवढंच, "पाऊस येणार", "कुलसुमला सांग, मी घरी गेलो."

दोन हजार एक साली मुंबईची एक संस्था रत्नागिरीत उतरली. कॅन्सरबद्दल जनजागृती करायला. मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत फेरी निघाली. पांढऱ्या टोप्या, फुगे, बाटलीतलं पाणी, पुढे ढोल. हातखंब्याच्या हॉटेलांत गल्ल्याशेजारी दानाचे डबे येऊन बसले. मला असल्या प्रकाराचा पहिल्यापासून तिटकारा. संस्थेचा विनीत म्हणून एक कार्यकर्ता होता, तिशीतला, गळ्यात ओळखपत्र आणि कॅमेरा. त्याला मी विचारलं, "डब्यातले पैसे रोग्यांच्या औषधाला जातात ना?"

"नाही काका. आम्ही उपचार करत नाही. आम्ही जागृती करतो."

"म्हणजे आम्ही झोपलेलो आहोत."

तो हसला आणि त्यानं खिशातून एक पत्रक काढून दिलं. माणूस वाईट नव्हता. पण अडचणीचा प्रश्न विचारला की पत्रक काढायचा. धक्क्यावर सगळे म्हणायचे, आजार गरिबाचा आणि सुमो गाडी यांची. मीही म्हणायचो. टोप्या वाटून कोणाचा गळा बरा होतो?

या विनीतला गनी सापडला. गळ्यात भोक असलेला, विड्या ओढून आवाज गमावलेला, गरीब, आणि चेहऱ्यानं देखणा. संस्थेला आणखी काय पाहिजे? पण खरं ते खरं सांगायला हवं, त्यांनी त्याला एक यंत्रही वापरायला दिलं. विजेच्या बॅटरीएवढं. ते हनुवटीखाली दाबून ओठ हलवले की शब्द बाहेर यायचे. आवाज पिठाच्या गिरणीसारखा, एकाच पट्टीतला, त्यात चढ नाही की उतार नाही. पहिल्या दिवशी गनी माझ्या खिडकीशी आला, यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाला, "आत्माराम, बर्फ चोर." वर्षानुवर्षं तो मला याच नावानं हाक मारायचा. मला रडू आलं. मी ते बर्फाच्या पाण्यावर खपवलं.

त्या यंत्रासाठी गनी संस्थेबरोबर शाळाशाळांतून फिरला. स्टेजवर उभं राहायचं, फडकं बाजूला करून भोक दाखवायचं, गिरणीच्या आवाजात "तंबाखू नको" म्हणायचं. त्याचे पैसे मिळत नव्हते, चहा-वडा मिळायचा. मी म्हटलं, "गनी, तुझं प्रदर्शन मांडलंय रे यांनी." तो म्हणाला, "कोणतरी ऐकतं तरी." 

थंडीत संस्थेचा मोठा कार्यक्रम झाला. कुठल्याशा कंपनीनं संस्थेला देणगी दिली. देणगी देताना पुठ्ठ्याचा भलामोठा चेक करायची तेव्हा फॅशन आली होती, दाराच्या फळीएवढा. एक टोक कंपनीच्या साहेबानं धरलं. दुसरं टोक धरायला विनीतनं गनीला पुढे केलं, फोटो चांगला येईल म्हणून. दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरात फोटो आला. खाली छापलेलं चहाच्या टपरीवर कोण वाचतो? फोटोत गनी होता, चेक होता आणि चेकवर शून्यांची माळ होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलसुम धक्क्यावर आली तेव्हा तिची टोपली उपडी होती.

कोणी उपडी केली ते कळलं नाही. रीतच तशी की बघायचं नाही. बाई बराच वेळ तिथं उभी राहिली. मग टोपली तशीच ठेवून परत गेली. ती सरळ करायचा अधिकार तिला नव्हता. मला वाटलं, ओरडून सगळ्यांना जमवावं. मी ओरडलोही. "अरे, तो चेक संस्थेचा आहे. गनीला एक दमडी नाही मिळाली." धोंडू म्हणून एक होडीवाला आहे, त्याच्या जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "दादा, तुमच्या घरी पापलेट पोचलं वाटतं." सगळे हसले. गनीनं यंत्र गळ्याला लावलं, "चेक माजा नाय. नुसता धरला." त्या आवाजात खरं आणि खोटं सारखंच वाजतं. मागून कोणीतरी त्याची नक्कल केली, आणखी हसू झालं. ज्यांनी त्याच्या टोपलीत मूठमूठ मासळी टाकली होती, तेच आता तो आला की सरकून बसायला लागले. शिव्या कोणी दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर निदान बोलणं तरी झालं असतं. गनी लिलावाला यायचा, बसायचा, उठून जायचा. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायरीवरही त्याच्या बाजूला जागा रिकामी असते, असं कुलसुमनं मला सांगितलं.

दोन हजार दोनची नारळी पौर्णिमा झाली. पहिल्या लिलावाला यासीन उभा राहिला. त्यानं पहिला भाव पुकारला आणि कोपऱ्यात बसलेला गनी ताडकन उठला. यासीनचा आवाज बसलेला होता. लिलाव ऐकणाऱ्यांना त्यात काही वाटलं नाही. पण पावसाळाभर गप्प राहूनही न सुटलेला घसा गनीनं एकदा भोगलेला होता.

लिलाव संपल्यावर त्यानं यासीनला गाठलं. दोघं एका होडीवर वाढलेले, एकाच उस्तादाकडे लिलाव शिकलेले. गनी यंत्रातून म्हणाला, "संस्थेचा शिबिर हाय. डॉक्टर येतो. घसा दाखव."

यासीननं त्याच्याकडे बघितलंही नाही. "तुज्या संस्थेला आनखी एक फोटो पायजे काय? मना चेक धरायचा नाय."

"यासीन, असाच होता माजा."

"तुला दलाली काय मिळते एका मानसामागं?" यासीन म्हणाला आणि चालू लागला.

गनी माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. यंत्र हातात होतं, पण त्यानं पाटीवर लिहिलं, "तो मरेल." मी म्हटलं, "मी बोलून बघतो." मी बोललो, कुलसुम यासीनच्या बायकोशी बोलली. सगळीकडे एकच उत्तर, गनी संस्थेचा माणूस. संस्थेचा माणूस काय सांगणार? आणि मला आतून माहीत होतं की माझ्याकडे गनी आला नसता, दुसरा कोणी आला असता, तर मीही हेच म्हटलं असतं. टोप्या वाटणाऱ्यांच्या तोंडून खरी गोष्ट आली तरी ती टोपीसारखीच हलकी वाटते.

ऑक्टोबरात शिबिराचा मंडप धक्क्याजवळच पडला. खुर्च्या मांडल्या, कर्णा लावला, विनीत कॅमेरा घेऊन फिरत होता. लिलाव चालू होता. बंदर गच्च भरलेलं, मंडप मात्र रिकामा. गनी आला. सरळ लिलावाच्या मधोमध जाऊन यासीनसमोर उभा राहिला. चालू लिलावात असं कोणी उभं राहत नाही. यासीन गप्प झाला. गनीनं विनीतला हातानं बोलावलं आणि मग यंत्र गळ्याला लावलं.

"यासीन, यांचं माज्याकडे हे एवढंच हाय. दुसरं काय खाल्लं नाय. हे पन देतो. आता तरी आत जा."

एवढं बोलून त्यानं यंत्र विनीतच्या हातात ठेवलं.

विनीत गडबडला. "काका, असं काय करता? हे तुमच्याकडेच राहू द्या." गनीनं मान हलवली. विनीतनं पुन्हा पुढे केलं, गनीनं हात मागे बांधले. मला खिडकीतून उडी टाकून ते यंत्र हिसकावून घ्यावंसं वाटत होतं. संशयी मी जन्मभर होतो, पण संशय फिटायला माणसाला स्वतःचा आवाज काढून द्यावा लागतो, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.  मग यासीननं शेपटाला धरलेली सुरमई खाली ठेवली, पाण्यानं हात धुतले आणि मंडपात गेला.

डॉक्टरनं घशात बघितलं आणि ताबडतोब मुंबईला जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं खिडकीशी आले. यासीन हळू आवाजात म्हणाला, "आत्मारामदादा, कोकन रेल्वेची दोन तिकटं काडून दे. कोनी विचारलं तर सांग, आफरीनच्या लग्नाची खरेदी करायला मुंब्र्याला गेलेत." आफरीन ही त्याची एकुलती एक मुलगी. तिचं कुवेतला नोकरी करणाऱ्या मुलाशी जमलं होतं. "बाप कॅन्सरवाला म्हनलं की सोयरीक मोडेल. तिला कळता नये, त्यांना कळता नये. कोनालाच." त्यानं गनीचा हात धरला. गनीनं मान डोलावली.

मुंबईत गाठ निघाली, पण अगदी लहान, लवकर सापडलेली. कापाकापी करावी लागली नाही. रोज इस्पितळात जाऊन किरणांचे शेक घ्यायचे. मुंब्र्याला यासीनच्या चुलतभावाकडे दोघं राहिले आणि गनी त्याला रोज नेत-आणत राहिला. परत आले तेव्हा यासीन उतरलेला होता. लोकांना त्यानं सांगितलं, मुंबईचं पाणी बाधलं. पुढे महिन्या-दोन महिन्यांत आवाज हळूहळू मोकळा होत गेला. एका सकाळी बर्फाचं यंत्र चालू असताना मला त्याची बोली स्वच्छ ऐकू आली. मी गनीकडे बघितलं. तो कोपऱ्यात बसून नुसता हसत होता. इतक्या दिवसांनी त्याला हसताना पाहून मला बरं वाटलं. मी म्हटलं, "आता ते यंत्र मागून घेऊ." त्यानं पाटीवर लिहिलं, "परत घेतलं तर सगळे म्हणतील, नाटक होतं." मी तरीही त्याला न सांगता फोन केला. विनीत नोकरी सोडून गेला होता, आणि यंत्राचं तिथं कोणाला काही माहीत नव्हतं.

आफरीनच्या निकाहाआधी तिचा होणारा सासरा बंदर बघायला आला. यासीन त्याला टपरीवर चहाला घेऊन आला. मी होतो, धोंडू होता, बाकड्याच्या टोकाला गनी होता. समोरच भिंतीवर नव्या शिबिराचा फलक लागला होता.

धोंडू म्हणाला, "आले परत पैसे गोळा करायला. आमच्या यासीनला पन गेल्या खेपेला असंच घाबरवलं हो. मंडपात शिरला आणि लगोलग मुंबईपर्यंत पळवला गरिबाला, खरेदीचं नुसतं नाव."

सासऱ्यानं कप खाली ठेवला. "कशाबद्दल?"

"घसा बसलेला. म्हनाले, कॅन्सर असेल."

यासीनचा चेहरा राखेसारखा झाला. सासरा त्याच्याकडे बघत होता.  मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी धोंडूच म्हणाला, "गनीला विचारा. हा होता ना बरोबर मुंबईत. काय रे गनी, काय निघालं?"

सगळे गनीकडे वळले. त्यानं पाटी मांडीवर घेतली. यावेळी कोणी उठून गेलं नाही. त्याचं लिहून होईपर्यंत सगळे थांबले, टपरीवाल्यानं स्टोव्हसुद्धा बारीक केला. आवाज गेल्यापासून त्याच्या शब्दासाठी असं कोणी थांबलं नव्हतं. त्यानं पाटी फिरवून दाखवली. तिच्यावर लिहिलं होतं, "काय नव्हतं."

सासरा हसला आणि त्यानं कप उचलला. धोंडूनं मांडीवर थाप मारली. "बघा. संस्थेत फिरलेला मानूस स्वतः सांगतो. सगळी धंद्याची गोष्ट." त्यानं गनीच्या पाठीवर हात ठेवला, त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. त्या फोटोनंतर बंदरानं गनीचा शब्द पहिल्यांदाच खरा मानला, आणि तो शब्द खोटा होता. यासीननं मान वर केली नाही. गनीनं ओल्या फडक्यानं पाटी पुसली, सावकाश, कोपऱ्यापर्यंत.

निकाह थाटात झाला. आफरीन कुवेतला गेली, सुखात आहे. गनी काय बोलला होता हे तिला कधी कळलं नाही.

नवं शिबिर झालं त्या सकाळी बंदर भरलेलं होतं. मंडपात डॉक्टर आणि त्याची नर्स. बंदरावरून तिकडे कोणी गेलं नाही. गनीनंच सांगितलं होतं ना, काही नसतं म्हणून. मी खिडकीतून बघत होतो. गनी आला, मंडपातल्या पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि दुपारी डॉक्टरनं सामान आवरेपर्यंत बसून राहिला. मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. समोर यासीन खणखणीत आवाजात लिलाव पुकारत होता, आणि गनी एकटा बसून ऐकत होता.